पिकामागे उरलेलं

उघडी माती निसर्गात फार काळ उघडी राहत नाही. झाडाखाली ती पानगळीने झाकली जाते, माळावर गवताने, आणि यातलं काहीच नसेल तर तण येऊन ते काम करतं. भाजीच्या वाफ्यात मात्र आपण ती मुद्दाम उघडी ठेवतो. खुरपून लख्ख करतो, मग पाणी दिल्यावर वर पापुद्रा धरला, ऊन लागल्यावर भेगा पडल्या म्हणून पुन्हा खुरपं हातात घेतो. तिकडे शेतात मळणी झाल्यावर धान्याइतक्याच, बऱ्याचदा त्याहून जास्त वजनाचं काही मागे उरलेलं असतं: काड, पेंढा, भुसा, उसाचं पाचट, भाताचं तूस, टरफलं, दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांची बुरकुंडं. ते आणून मातीवर पसरायचं, एवढंच आच्छादन.

पण हे सगळं एकाच ढिगातला काडीकचरा समजून वापरलं की घोटाळा सुरू होतो. यातली प्रत्येक गोष्ट झाडाच्या वेगळ्या भागातून आलेली असते आणि तिथे तिला वेगळं काम असतं. गव्हाचं काड ओंबी तोलून धरतं, म्हणून ते पोकळ आणि गुळगुळीत. भाताचं तूस दाण्याचं कवच, म्हणून सिलिकाने मढलेलं. नारळाचं सोडण फळाला पाण्यावर तरंगत ठेवतं, म्हणून तंतुमय आणि कुजायला महाचिवट. शेंगांच्या पिकांचा पाला मुळात नत्राने, म्हणजे नायट्रोजनने भरलेला, म्हणून मऊ आणि अल्पायुषी. जिवंतपणी जो स्वभाव होता तोच वाफ्यावर पसरल्यावरही टिकतो, आणि आच्छादन करायचं म्हणजे आधी तो ओळखायचा.

आधी पाण्याचं बघू. भिजलेल्या उघड्या मातीतून सुरुवातीला जवळजवळ उघड्या पाण्याइतक्याच वेगाने बाष्प निघतं. खालचं पाणी मातीच्या बारीक पोकळ्यांतून वर चढत राहतं, तोवर हा वेग टिकतो. वरचा थर वाळला की तो आपोआप मंदावतो. आच्छादन ऊन आणि वारा अडवून या पहिल्याच टप्प्याचा वेग मोडतं. म्हणून जिथे दर दोन-तीन दिवसांनी थोडं थोडं पाणी दिलं जातं, तिथे त्याचा फायदा सगळ्यात ठळक दिसतो. महिनाभर पाणीच मिळालं नाही तर झाकलेली मातीही शेवटी वाळते, फक्त उशिरा. आच्छादन पाणी निर्माण करत नाही, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

उलट ते स्वतःच पाणी पितं. कोरडा पेंढा आपल्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट पाणी धरू शकतो. एका चौरस मीटरवर ३ किलो पेंढा असेल तर ६ ते ९ लिटर पाणी त्यातच अडकू शकतं, म्हणजे ६ ते ९ मिलिमीटर पाऊस. शिडकाव्यासारखी सर आली की वरून सगळं ओलं दिसतं आणि खाली माती कोरडी ठणठणीत. झारीने वरचेवर शिंपडणाऱ्यांची झाडं आच्छादन केल्यावर कोमेजतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. क्रम असा हवा: आधी वाफा खोलवर भिजवा, मग झाका. ठिबकची नळी असेल तर ती आच्छादनाच्या खाली, मातीला टेकून ठेवा. पाणी पाइपने किंवा झारीने द्यायचं असेल तर कमी वेळा, पण भरपूर द्या. आणि बोटांनी थर बाजूला करून दोन पेरं खोल माती चाचपा. वरच्या रंगावर विश्वास ठेवू नका.

आता थर किती जाड हवा. हे मालाच्या नावावर कमी आणि तुकड्याच्या आकारावर जास्त अवलंबून असतं. लांब, मोकळ्या काडीत हवा खेळती राहते, त्यामुळे पेंढा, पाचट, कडबा यांचा १० ते १५ सेंटीमीटर थर चालतो. एक-दोन पावसांत तो बसून निम्म्यावर येतो. मळणीयंत्रातून निघालेला बारीक भुसा मात्र ४-५ सेंटीमीटरपेक्षा जाड घातला की ओला होऊन एकमेकांना चिकटतो, वर बुरशीचे धागे पसरतात आणि वाळल्यावर त्याची अशी पोळी होते की पाणी वरूनच ओघळून जातं. तुसालाही ३ सेंटीमीटर पुरे. पाचट आणि कडबा ५ ते १० सेंटीमीटर लांबीचे तुकडे करून घातले तर नीट बसतात. अख्खे घातले तर मध्ये फटी राहतात आणि नेमकं तिथूनच तण डोकं वर काढतं. पण उत्साहाच्या भरात यंत्रातून पीठ करू नये. तुकडा बारीक झाला की कुजण्याचा वेग वाढतो, आयुष्य घटतं आणि हवा कोंडते, असं तिहेरी नुकसान.

वजनाचा अंदाज असला की आणायला गेल्यावर फजिती होत नाही. सुटा पेंढा घनमीटरला साधारण ३० किलो भरतो, तूस १०० किलोच्या आसपास. म्हणजे १ चौरस मीटरवर १० सेंटीमीटर पेंढा घालायचा तर ३ किलो, आणि ३ सेंटीमीटर तूस घालायचं तरीही ३ किलोच. दहा चौरस मीटरच्या छोट्या भाजीबागेला ३० किलो पेंढा लागतो. गठ्ठ्यात बांधलेला तो फारसा वाटत नाही, पण सोडला की अख्खा घनमीटर होतो. साठवायला जागा लागेल आणि ती घराच्या भिंतीपासून, चुलीपासून लांब असलेली बरी. कोरड्या पेंढ्याला ठिणगी पुरते. शेतावरचं आच्छादन हेक्टरी ५ टन म्हणजे चौरस मीटरला जेमतेम अर्धा किलो असतं. तो आकडा धरून परसबाग झाकायला गेलं तर निम्मी माती उघडीच दिसेल. शेतात मातीची धूप आणि ओल एवढा विचार असतो. परसात आपल्याला तणही दाबायचं असतं, आणि तण दाबायला अंधार लागतो.

त्यातही दबतं ते बियांपासून उगवणारं तण. हरळी आणि लव्हाळा यांच्याकडे जमिनीखाली शिदोरी असते, त्यामुळे १५ सेंटीमीटर पेंढ्यातूनही ते आरामात वर येतात, वर ओलीचा फायदा घेऊन जोमाने वाढतात. तिथे आधी शक्य तेवढ्या गाठी खणून काढा, मग साध्या खोक्याचे पुठ्ठे चिकटपट्टी काढून, भिजवून, एकमेकांवर १५ सेंटीमीटर चढवून अंथरा आणि त्यावर पेंढा घाला. हरळी त्याने बऱ्यापैकी आटोक्यात येते. लव्हाळ्याचे अणकुचीदार कोंब पुठ्ठ्यालाही भोक पाडतात. तो दिसला की उपटत राहण्याखेरीज फार उपाय नाही.

काडी घातली की ती मातीतला नत्र ओढून घेते का, हा प्रश्न सगळे विचारतात आणि अर्धवट उत्तर ऐकून घाबरतात. गव्हाच्या काडात एक भाग नत्रामागे साधारण ८० भाग कर्ब (कार्बन) असतो, भाताच्या पेंढ्यात ६० ते ७०, लाकडाच्या भुशात ४०० किंवा त्याहून जास्त. मातीतल्या जिवाणूंना जगायला साधारण २५ भाग कर्बाला १ भाग नत्र हे प्रमाण मानवतं. काडी खाताना नत्र कमी पडला की ते तो आजूबाजूच्या मातीतून उचलतात आणि पिकाच्या तोंडचा घास जातो. पानं खालून पिवळी पडत जातात. ३ किलो काडात कर्ब सव्वा किलोच्या आसपास आणि नत्र जेमतेम १५ ग्रॅम. हे सगळं मातीत मिसळून टाकलं तर कुजताना आणखी ३५ ग्रॅमच्या आसपास नत्राची ओढ लागते, म्हणजे साधारण ७५ ग्रॅम युरियातला नत्र. एवढी तूट वाफ्याला जाणवतेच.

यातलं ‘मिसळून टाकलं तर’ हे महत्त्वाचं. काडी वर पसरलेली असेल तर तिचा मातीशी संबंध येतो तो फक्त खालच्या बोटभर पदरात. ओढाताण तिथेच होते, खाली मुळांच्या पट्ट्यात पोचत नाही. म्हणून आच्छादन वरच ठेवा आणि वरूनच कुजू द्या. खालचा पदर काळा, भुसभुशीत होत जाईल आणि गांडुळं तो आपल्या गतीने खाली नेतील. कुदळीने उलटापालट करून मदत करण्याचा मोह बहुतेकांना होतो आणि मग पिवळ्या पानांचा दोष पेंढ्यावर येतो. अगदी उथळ मुळांच्या पालेभाज्या, कांदा किंवा नुकती लावलेली रोपं असतील तर आधी चौरस मीटरला एक-दोन किलो चांगलं कुजलेलं शेणखत पसरून त्यावर काडी घालावी, एवढी काळजी पुरते.

शेंगवर्गाचे अवशेष या हिशेबात वेगळे बसतात. सोयाबीन, हरभरा, तूर यांचं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला पाला-भुसा, आणि भुईमुगाचे वेल नत्राने बरे असतात, पाला जितका जास्त तितके अधिक. ते लवकर कुजतात, पिकाला खाऊ घालतात आणि दीड-दोन महिन्यांत माती पुन्हा उघडी पडते. त्यामुळे मला एकाच मालाच्या जाड थरापेक्षा दोन पदर पसंत आहेत: खाली ३ सेंटीमीटर कुटार, वर ७-८ सेंटीमीटर पेंढा किंवा पाचट. खालचा पदर खत होतो, वरचा त्याला सावली देतो.

पालाशाबद्दल, म्हणजे पोटॅशियमबद्दल फारसं कुणी बोलत नाही, खरं तर पेंढ्याची खरी श्रीमंती तीच आहे. भाताने जमिनीतून उचललेला बहुतांश पालाश दाण्यात न जाता पेंढ्यातच राहतो. तो पेशींच्या बांधणीत गुंतलेला नसतो, पाण्यात सहज विरघळतो, म्हणून काडी कुजण्याची वाट न बघता पहिल्या काही पावसांतच खाली उतरतो. याचे दोन अर्थ होतात. बाहेर पावसात महिनोन्महिने भिजलेला पेंढा झाकायला चांगला असला तरी पोषणाच्या दृष्टीने पोकळ झालेला असतो. आणि ज्या वाफ्यावर वर्षानुवर्षं जाड पेंढा पडतोय तिथे वेगळं पालाशयुक्त खत द्यायची गरज सहसा नसते. उलट जास्त झालेला पालाश मॅग्नेशियमच्या शोषणात अडथळा आणतो आणि जुन्या पानांच्या शिरांमधली जागा पिवळी पडू लागते.

काही मालांची खोड ठाऊक असलेली बरी. तूस हलकं असतं, वाऱ्याने उडतं, जोराच्या पाण्यात तरंगून वाफ्याच्या एका कोपऱ्यात गोळा होतं. ते पसरल्यावर लगेच हलक्या हाताने भिजवा, किंवा शेणखतात निम्मं-निम्मं कालवून घाला. उसाच्या चिपाडात साखरेचा अंश राहिलेला असतो. ताजं चिपाड ढिगात तापतं, आंबतं, मुंग्यांना बोलावतं. ते महिना-दोन महिने उघड्यावर भिजवून, उलटवून मगच वापरावं. काथ्याचा भुसा खाऱ्या पाण्यात सोडणं कुजवून काढलेला असेल तर त्यात मीठ असतं. बादलीत भिजवून पाणी दोन-तीनदा बदललं की ते निघून जातं, शिवाय चहासारखा तांबडा रंग उतरतो तोही जातो. मक्याची बुरकुंडं अख्खी टाकली तर वर्ष-वर्ष तशीच पडून राहतात. ठेचून फळझाडाच्या आळ्यात घातली तर कामाची. कपाशीच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या काड्या लाकूडच म्हणायच्या. त्या भाजीच्या वाफ्यात नकोत, वाटांवर आणि मोठ्या झाडांखाली शोभतात. कोकोच्या बियांची टरफलं दिसायला सुंदर, वासाला मोहक, पण त्यातलं थिओब्रोमिन कुत्र्यांना विषारी असतं आणि गोड वासाने कुत्री ती खातात. घरात कुत्रं असेल तर हा माल वर्ज्य.

आता सगळ्यात गंभीर मुद्दा. अवशेष आपल्याकडे येताना कुणाच्या तरी शेतातला इतिहास बरोबर घेऊन येतो. तणनाशकांतली बरीचशी काही आठवड्यांत विघटन होऊन जातात, पण अमिनोपायरॅलिड, क्लोपायरॅलिड, पिक्लोरॅम या गटातली द्रव्यं वाळलेल्या काडीत आणि गवतात दीर्घकाळ टिकतात. ती रुंद पानांच्या तणांवर मारली जातात, गहू-ज्वारीसारख्या गवतवर्गीय पिकाला काही होत नाही, त्यामुळे काडी अगदी निरोगी दिसते. जनावराने ती खाल्ली तरी द्रव्य शेणातून बाहेर पडतं, खताच्या ढिगातही चिवटपणे उरतं. ब्रिटनमध्ये २००८ साली परसबागांतले टोमॅटो, बटाटे, घेवडे मोठ्या प्रमाणावर वाकडेतिकडे वाढले, तेव्हा कारण निघालं शेणखतातून आलेलं अमिनोपायरॅलिड, आणि त्याची विक्री काही काळ थांबवावी लागली.

म्हणून पहिला प्रश्न विक्रेत्याला विचारायचा: शेतात तणासाठी काय मारलं होतं? उत्तर मिळालं नाही तर पुढचा उपाय घरचा आहे. काडीचे बारीक तुकडे करून एक भाग काडी, दोन भाग चांगली माती असं मिश्रण तीन कुंड्यांत भरा, तीन कुंड्यांत नुसती माती. प्रत्येकीत घेवड्याच्या किंवा वाटाण्याच्या तीन-चार बिया टाका. तुलनेच्या कुंड्या वेगळ्या ताटलीत ठेवा, एकीचं पाणी दुसरीत जाऊ देऊ नका. तीन-चार आठवड्यांत खरी पानं येतील. इथे नत्राच्या ओढीने काडीवाली रोपं थोडी फिकट असणारच, त्याला घाबरायचं कारण नाही. पानं कपासारखी वळली, शेंडा पिळवटला, पानाच्या शिरा समांतर दिसू लागल्या तर मात्र ते तणनाशक. तो माल भाजीला नको, आणि खताच्या ढिगातही नको.

रोगाचा नियम सोपा: ज्या कुळाचं पीक त्याच कुळाचे अवशेष त्यावर घालू नयेत. टोमॅटो-बटाट्याचे वेल टोमॅटो-मिरचीवर नकोत. तंबाखूचे देठ तर या कुळाच्या जवळपासही नकोत; तंबाखूवरचा मोझॅक विषाणू वाळलेल्या काडीतही वर्षानुवर्षं जिवंत राहतो. भुईमुगाची टरफलं जमिनीखालून आलेली असल्यामुळे खोडकूज आणणारी बुरशी किंवा मुळांना लागणारे बारीक सूत्रकृमी बरोबर आणू शकतात. ती भाजून, वाफवून सोललेल्या शेंगांची असतील तर निर्धास्त वापरा. कच्च्या शेंगांची असतील तर पातळ पसरून कडक उन्हात चांगली तापवा, नाहीतर फुलझाडांकडे पाठवा.

काही अवशेष दुसऱ्यांचं बी रुजू देत नाहीत. ज्वारी आणि सूर्यफूल यात बदनाम आहेत. ताज्या कडब्यातून उतरणारी द्रव्यं बारीक बियांचं उगवणं रोखतात. तणाच्या बाबतीत हे आपल्या पथ्यावर पडतं, पण गाजर, कोथिंबीर, राजगिरा यांनाही तोच न्याय लागतो. पेरलेल्या वाफ्यावर ताजा कडबा नको. लावलेल्या रोपांना सहसा त्रास होत नाही, आणि काही आठवडे पावसा-पाण्यात भिजल्यावर कडब्याचा हा गुण ओसरतो. एरवीही पेरणीच्या वाफ्यावर रोपं १० सेंटीमीटर उंच होईपर्यंत जाड आच्छादन करू नये. लसूण आणि बटाटा मात्र लावल्याबरोबर झाकले तरी वाट काढून वर येतात.

पेंढ्यात दाणे राहिलेले असले तर वाफ्यात गहू उगवतो आणि उंदीर मुक्काम करतात. गठ्ठा सोडून भिजवा, आठवडा-दोन आठवडे ओला ठेवा, उगवलं की उलटा करा, कोंब मरतात. हे काम करताना, आणि कोंदट वासाचा कुठलाही गठ्ठा सोडताना, तोंडाला फडकं पुरत नाही, नीट मास्क हवा आणि माल आधी भिजवलेला हवा. बुरशी लागलेल्या पेंढ्याची धूळ श्वासात जाऊन फुप्फुसाचा आजार होतो; चिपाडाच्या धुळीने होणाऱ्या आजाराला तर बॅगासोसिस असं स्वतंत्र नाव आहे.

ओल आणि अंधार म्हटल्यावर गोगलगायी, वाणी, वाळवी येणार. गोगलगायींचा उपद्रव कोवळ्या रोपांना जास्त, म्हणून पाऊस लागून राहिला की रोपांभोवतीचा थर पातळ करायचा. वाळवीचं मूळ खाद्य मेलेली, वाळलेली काडी. थर पार कोरडा पडून राहिला की ती तिथे बस्तान बसवते आणि मग कमकुवत खोडांकडे वळू शकते. मातीची पुटं दिसली की ती मोडा, थर ओलसर ठेवा आणि बुंध्यापाशी काडी टेकू देऊ नका. बुंध्याभोवती भाजीला ५-७ सेंटीमीटर आणि झाडाला १५ सेंटीमीटर मोकळी जागा हा नियम वाळवी नसली तरी पाळायचाच, कारण सतत ओली राहिलेली साल कुजते. काडीवर पांढरे धागे, छत्र्या किंवा पिवळ्या फेसासारखा गोळा दिसला तर तो बिनधोक आहे. दाताळ्याने हलवा आणि सोडून द्या.

थंडीत एक गोष्ट उलटी होते. उन्हाळ्यात जो थर मातीला भट्टी होऊ देत नाही, तोच थंड रात्री मातीतली ऊब वर येऊ देत नाही. दंव गोठेल अशा रात्री झाकलेल्या वाफ्यावरचं कोवळं पीक उघड्या, ओल्या मातीवरच्या पिकापेक्षा आधी करपतं. अशा दिवसांत आच्छादन ओळींच्या मध्ये ओढून ठेवा आणि ऊन मातीवर पडू द्या.

कुंड्यांना हेच सगळं लहान मापात लागू आहे: बारीक तुकड्यांचा २-३ सेंटीमीटर थर आणि वर पाण्यासाठी काठापासून ३ सेंटीमीटर रिकामी जागा. मोठ्या कुंडीत काथ्याची चकती सोयीची पडते, ती वर्षानुवर्षं टिकते. फक्त महिन्यातून एकदा उचलून खाली मुंग्यांनी घर केलं नाही ना ते बघावं. भाजीच्या वाफ्यावर हंगामात एकदा, थर ५ सेंटीमीटरच्या खाली आला की वरून भर घालावी. हंगाम संपल्यावर न कुजलेली काडी दाताळ्याने कडेला ओढा, पिकाची मुळं जमिनीतच ठेवून खोड कापा, नवी लावणी करा आणि तीच काडी परत पसरा. रोगट पीक निघालं असेल तर मात्र ती काडी त्या वाफ्यात परत नको. फळझाडाच्या आळ्यात टाका.